मे महिन्यात बँकॉक: हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? (तातडीचं, तिकिटं आज रात्री काढायची आहेत)

खांडेपार
नमस्कार मंडळी. बँकॉकला जायचं ठरतंय, चार रात्री. हॉटेल सुखुमवितला घ्यावं, सियामला की नदीकाठी? घरात रोज नवं मत पडतं आणि दर वर जातात. उकाडा आम्हाला नवा नाही, तेव्हा "मे मध्ये जाऊ नका" सोडून बाकी काहीही सांगा. व्हिडिओंच्या लिंका नकोत, बघून बघून डोकं उठलंय. जाणकारांनी लवकर लिहा.

गालमो
मे मध्ये जाऊ नका.

डिचोलीकर
सुखुमवित. डोळे मिटून. असोक स्टेशनपाशी घ्या, वरून बीटीएस (पुलावरची रेल्वे), खालून एमआरटी (मेट्रो), बाजूला मॉल. नदीकाठ फोटोपुरता ठीक. कामानिमित्त दर वर्षी जातो, सुखुमवित सोडून कुठे राहिलो नाही.

म्हापशेकरीण
डिचोलीकर, दुसरीकडे कधी राहिलाच नाहीत तर नदीकाठाला नावं कशाच्या जोरावर ठेवता?

खांडेपार, बाय, जाणार कोण कोण? मे ची सुरुवात की शेवट? विमान कुठून? खाण्यापिण्याचं काय? यातलं एक अक्षर नाही आणि हॉटेल विचारतेस.

खांडेपार
मी, नवरा, मुलगा (नववीत), आई आणि मामा. मे चा दुसरा पंधरवडा. शाळा आता एप्रिलमध्येच सुरू होते, म्हणजे सुट्टी म्हटली की मे च. विमान गोव्याहून, अजून कुठून असणार?

पोदेर
गोव्याहून म्हणजे मोपा की दाबोळी? थेट की मुंबई-बंगळुरू करत? आणि तिकडे उतरणार कुठे? बँकॉकलाही आपल्यासारखे दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीकेके असेल तर सुवर्णभूमी, डीएमके असेल तर डॉन मुआंग. स्वस्तातली बरीच विमानं डॉन मुआंगला जातात. एक शहराच्या पूर्वेला, दुसरा उत्तरेला. हॉटेल नंतर, आधी हे बघा.

कुळागर
उकाड्याबद्दल थोडं लिहितो. "आम्हाला नवा नाही" म्हणणारे तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत आडवे झालेले पाहिले आहेत.

आपल्याकडे मे मध्ये ३३-३४ असतं आणि दमटपणा जीव काढतो, मान्य. पण संध्याकाळी निदान किनारपट्टीला वारा सुटतो. बँकॉक समुद्राजवळ असूनही शहरात तो वारा लागत नाही. सगळं काँक्रीट, त्यात रस्त्याच्या डोक्यावर रेल्वेचा पूल, खाली गाड्यांचा धूर. दिवसा ३४-३५, आणि रात्रीसुद्धा २६-२७च्या आसपासच. सगळ्यात तापलेला महिना एप्रिल, म्हणून तर १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रानला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, अख्खं शहर एकमेकांवर पाणी ओततं. मे चा दुसरा पंधरवडा त्यामानाने बरा, कारण पाऊस लागलेला असतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो तोच नैऋत्य मोसमी वारा तिकडे मे च्या मध्यावर पोचतो.

पण पाऊस म्हटल्यावर आपला पाऊस डोळ्यापुढे आणू नका. आपल्यासारखी दोन-दोन दिवसांची झड मे मध्ये सहसा नसते. सकाळ कोरडी आणि कडक, दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येतं, तासभर कोसळतो, गल्ल्यांत घोट्याएवढं पाणी आणि रस्त्यावर गाड्या ठप्प. त्या तासात टॅक्सीत सापडलात तर तिथेच बसा. खरा ओला महिना सप्टेंबर.

तेव्हा दिवस असा मोडा: ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो, साडेआठलाच दारात. आवारात सावली नाही, अकराच्या पुढे फरशी भाजते. बारा ते चार एसीत कुठेही. संध्याकाळी नदी. हॉटेल कुठलंही घ्या, स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत असलं म्हणजे झालं. दुपारी परतून अंघोळ करून पुन्हा निघता आलं पाहिजे.

डिचोलीकर
म्हणजे सुखुमवितच.

साखळीचा_बाब
पटायाला एक रात्र टाका की. बँकॉकमध्ये चार रात्री काय करणार? समुद्र बघायला मिळेल.

म्हापशेकरीण
गोव्याच्या माणसाला समुद्र बघायला पटाया. धन्य.

खांडेपार
कुळागर, आभार, असंच हवं होतं. पटाया नको. आईचा एक गुडघा बदललेला आहे, पण ती चालते. जिने जरा हळू चढते. मग असोक चालेल ना?

कुळागर
गुडघ्याचं आता कळतंय! मग थोडं बदलेल.

बीटीएसची स्टेशनं दोन-तीन मजले उंच. लिफ्ट असते, पण प्रत्येक बाजूला असेलच असं नाही, आणि नेमकी रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर असते. एमआरटी या भागात जमिनीखालून जाते, तिथे सरकते जिने आणि लिफ्ट बऱ्या आहेत. एमआरटीच्या ब्लू लाइनचं सनाम चाय स्टेशन २०१९ला उघडलं, तिथून वाट फो ("वाट" म्हणजे देऊळ) चालत दोन पावलांवर आणि ग्रँड पॅलेस आणखी थोडा पुढे. म्हणून मी सिलोम म्हणेन. सिलोम एमआरटीवरून सनाम चायला गाडी न बदलता थेट. बीटीएसचं साला डेंग स्टेशन तिथेच जोडलेलं. समोर लुम्फिनी बाग, तळ्याकाठी हातभर नाही, चांगल्या पुरुषभर लांबीच्या घोरपडी फिरतात. मुलाला मोबाईलमधून डोकं वर काढायला तेवढं कारण पुरे.

डिचोलीकर
असोकचं एमआरटी स्टेशन, म्हणजे सुखुमवित, तेही ब्लू लाइनवरच आहे. तिथूनही थेटच.

कुळागर
आहे. सिलोमपेक्षा चार स्टेशनं लांब. हट्ट असेल तर घ्या.

मांडवीकाठ
नदीच्या बोटींबद्दल कोणी बोललं नाही. साफान ताक्सिन स्टेशनखाली साथोर्न धक्का आहे, तिथून बोट पकडली की ऊन नाही, ट्रॅफिक नाही. पण पणजी-बेतीच्या फेरीसारखी गाडीसकट आत चाललात असं नाही. धक्का तरंगता, बोट क्षणभर टेकते आणि शिटी वाजली की सुटते. आईंना दोन्ही बाजूंनी धरा. वाट अरुणचे मधल्या शिखराचे जिने त्यांनी चढूच नयेत, खूप उभे आहेत. खालून किंवा नदीपलीकडच्या था तिएनच्या काठावरून बघा, संध्याकाळी तिथूनच जास्त छान दिसतं.

ग्रँड पॅलेसमध्ये आईंना घाई करू नका. आत वाट फ्रा काएवच्या सभोवती जो ओवरीसारखा भाग आहे, तिथल्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. सावली आहे. आपला हनुमान ब्रह्मचारी, त्यांचा चांगला रंगेल गडी. आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिकीट ५०० बाट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलाला अर्धी चड्डी नको.

आणि दाराबाहेर कोणी सभ्य दिसणारा माणूस "आज राजवाडा बंद आहे, चला टुकटुकने दुसरं देऊळ दाखवतो" म्हणाला तर उत्तरही न देता पुढे चालायचं. देऊळ झालं की रत्नांचं दुकान येतं.

पोदेर
जेवणाचं उत्तर अजून आलं नाही. शाकाहारी आहात का?

खांडेपार
आम्ही सगळं खातो. आई मासे खाते, चिकन-मटण नाही. सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी.

पोदेर
मग पाच दिवस चैन. सकाळी "खाव तोम पला" मागा, माशाची पेजच समजा, फक्त लोणच्याशिवाय. "जोक" म्हणून दाट पेज मिळते, तिच्यात बहुधा डुकराचं मांस असतं, ती नको. सोमवार-गुरुवारचं कठीण. नुसती भाजी मागितली तरी नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, पडतोच. पपईच्या सोम तममध्ये (कच्च्या पपईची कोशिंबीर) वरून सुके गालमो, म्हणजे बारीक कोळंबी.

गालमो
कोणी हाक मारली?

म्हापशेकरीण
पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान बघायचं. तिथे मांस-मासे सोडा, कांदा-लसूणही नसतो. नाहीतर फाहुरातला जा, गुरुद्वारा आहे, आपल्याकडची खाणावळ सहज मिळते. साम योत स्टेशन, तेही ब्लू लाइनवर. सिलोमलाच मारिअम्मनचं देऊळ आहे, आईंना बरं वाटेल.

साखळीचा_बाब
एवढा खटाटोप कशाला? छोटा कुकर आणि उकडे तांदूळ घेऊन जा.

पोदेर
हॉटेलच्या खोलीत कुकर लावला तर धुराची घंटा वाजेल आणि पाचहीजण पावसात उभे राहाल.

डिचोलीकर
व्हिसाचं झालं का? भारतीय पासपोर्टचे नियम मध्यंतरी बदललेत, तिकिटाआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा. शिवाय १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सगळ्यांना सक्तीचं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. फुकट आहे. जे संकेतस्थळ पैसे मागतं ते सरकारचं नाही.

खांडेपार
आमचे चौघांचे भारतीय. मामाचा पोर्तुगीज.

गालमो
आली का पंचाईत.

डिचोलीकर
पंचाईत कसली? त्यांनी पोर्तुगालच्या नागरिकांचा नियम बघायचा, बाकी चौघांनी भारताचा. कार्ड त्यांनाही भरावंच लागेल. येताना मात्र ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) सोबत हवं, नाहीतर आपल्याच घरी यायला व्हिसा. ते कपाटात ठेवून विमानतळावर येणारे कमी नाहीत.

साखळीचा_बाब
मुळात पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचाच कशाला? पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त होऊन साठ वर्षं उलटून गेली.

मांडवीकाठ
कारण पोरांना बाहेर नोकरी लागते. तुमच्या वाड्यावर किती घरांत घेतलाय ते मोजा, मग बोला.

म्हापशेकरीण
हा विषय इथे नको, दोघांनाही विनंती. मामांनी काय करायला हवं होतं हे खांडेपारने विचारलेलं नाही.

कुळागर
एक राहिलं. पाचजण आणि बॅगा एका साध्या टॅक्सीत मावणार नाहीत. सुवर्णभूमीवर रांगेत नंबर घेताना मोठी गाडी मागा. मीटरच्या वर विमानतळाचा अधिभार आणि टोल वेगळे, ती फसवणूक नाही. रेल्वे स्वस्त आहे, पण मक्कासानला उतरून एमआरटीपर्यंत बॅगा ओढत चालणं आईंसोबत नको. घड्याळ दीड तास पुढे, पहिल्या दिवशी साडेआठ गाठायचा हट्ट धरू नका.

गालमो
फळांचं कोणी बोलत नाही. मे म्हणजे मँगोस्टीनचा हंगाम. आपल्या भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, चुलत भाऊ, पण आत पांढरा आणि गोड. आंबा मात्र तिकडचा खाऊ नका. मानकुराद घरी सोडून नाम दोक माय खायला जाणं म्हणजे काय म्हणावं.

पोदेर
चिकट भात आणि नारळाच्या दुधाबरोबर खाऊन बघितलाय का? मानकुरादचा तसा भात होणारच नाही, इतका रस सुटतो.

गालमो
रस सुटतो हीच तर त्याची जात.

साखळीचा_बाब
काजू फेणी नेता येते का? माझा मित्र विचारतोय.

डिचोलीकर
माणशी एक लिटर दारू. मोठ्या बॅगेत टाका, नीट गुंडाळून. बाटली फुटली तर सगळे कपडे फेणीचे.

खांडेपार
तिकिटं काढली. मोपाहून मुंबईमार्गे, सुवर्णभूमीलाच. नवऱ्याला डॉन मुआंगचं स्वस्त सापडलं होतं, रात्री दोनला उतरणारं, तो हट्ट मोडला. हॉटेल सिलोम एमआरटीपाशी, लिफ्ट दारापासून आहे का हे विचारून मगच घेतलं. गुरुवार फाहुरातला, सोमवारी आम्ही घरी. वाट अरुणला मामा आणि मुलगा वर जातील, आई आणि मी खाली. ओसीआय मामाला आत्ताच शोधायला लावलंय, अजून सापडलेलं नाही.

हळदोण्याचा_पाव
चांगला धागा. आम्ही ऑक्टोबरमध्ये बालीला जातोय, दोन लहान मुलं आहेत. तिकडे पाऊस कसा असतो?

म्हापशेकरीण
वेगळा धागा काढा. आणि विमान कुठून, ते पहिल्याच ओळीत लिहा.