सुदानी भाडेकरू, थकलेलं भाडं आणि तिथलं युद्ध

खडकीकाकू:
आमच्या वरच्या खोलीत दोन सुदानी मुलं राहतात, इथेच कॉलेजात शिकतात. वागायला गुणी. एकाचं घर ओमदुरमानला, म्हणजे राजधानी खार्तूमला लागूनच आहे. पण भाडं मध्येच बंद होतं आणि मग थकबाकीसकट एकदम येतं. विचारलं की "घरी नेटवर्क नाही आंटी". आमच्या ह्यांना वाटतं, पोरं थापा मारतात. नेटवर्कचा आणि भाड्याचा काय संबंध? आणि तिकडे नक्की कोण कोणाशी लढतंय?

बहरीचा_हिशेबनीस:
काकू, पोरं खरं बोलताहेत. मी खार्तूमला लागून असलेल्या बहरीत एका कारखान्याचे हिशेब बघायचो.

बुऱ्हान हा लष्करप्रमुख आणि हेमेदती हा आरएसएफ या निमलष्करी दलाचा म्होरक्या. 2021 मध्ये दोघांनी मिळून सत्ता बळकावली. मग आरएसएफ लष्करात कधी विलीन करायची यावरून फाटलं. लष्कर म्हणे 2 वर्षांत, हेमेदती म्हणे 10. 15 एप्रिल 2023 ला, ऐन रमजानात, गोळीबार सुरू झाला.

बहरीत पहिल्याच दिवशी नळ गेले. दोन पावलांवर नाईल, आणि प्यायला पाणी नाही! मग गाढवाच्या गाडीवरून पाणी विकत घ्यायचं. आम्ही बसने पोर्ट सुदान गाठलं, तिथून जेद्दा, तिथून मुंबई. 'ऑपरेशन कावेरी' म्हणून पेपरात आलं होतं ते हेच. आम्हाला न्यायला सरकार आलं. माझ्या हाताखालच्या स्टोअरकीपरला न्यायला कोण येणार? तो तिथेच राहिला.

आता तुमच्या नेटवर्कचं. बँका लुटल्या गेल्या, नोटा मिळेनात. सगळा व्यवहार 'बँकाक' नावाच्या मोबाइल ॲपवर आला, आपल्याकडच्या यूपीआयसारखा. परदेशातला भाऊ ॲपवर पैसे टाकतो, गल्लीतला दुकानदार कमिशन कापून रोकड देतो, नाहीतर तेवढ्याची डाळ देतो. फोन बंद पडले की हेही थांबतं, म्हणून तुमचं भाडं मध्येच अडकतं. फेब्रुवारी 2024 मध्ये देशभर फोन बंद पडले तेव्हा तर सगळंच थांबलं. गल्लीतली पोरं वर्गणीवर 'तकाया' म्हणजे सार्वजनिक चुली चालवायची, 'फूल' (बाकल्याच्या दाण्यांची उसळ) नाहीतर मसूर शिजवून वाटायची. वर्गणी ॲपवरच यायची, त्यामुळे कितीतरी चुली विझल्या. पुढे कुणीतरी स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी, तबकडी लावून तासावर पैसे घ्यायला लागलं. स्टोअरकीपरचा पहिला मेसेज तसाच आला. त्यात काय होतं? गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडेच आहेत आणि स्टॉकचं रजिस्टर त्याने घरी नेलंय! गोदामात तोवर पत्रासुद्धा शिल्लक नव्हता.

शिवाय युद्धाआधी डॉलर सुमारे 600 सुदानी पौंडांना होता, 2024 मध्ये 2,000 च्या वर गेला. बापाने तेवढेच पौंड जमवले तरी मुलाच्या हातात तिसरा हिस्सासुद्धा पडत नाही.

पेंड_आणि_पाणी:
हिशेबनीस, माहिती चांगली, पण "दोघांचं फाटलं" यात पश्चिम सुदानातलं दारफूर राहिलं. हेमेदतीचा पैसा तिथल्या सोन्याचा, आणि त्याचं दल उभं राहिलं जंजावीद नावाच्या सशस्त्र अरब टोळ्यांमधून. 2023 मध्ये या दलाने दारफूरमधल्या अल जुनैना शहरात मसालित या तिथल्या बिगर-अरब जमातीच्या लोकांना वेचून मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात त्या एका शहरातल्या मृतांचा आकडा 10 ते 15 हजार आहे. दारफूरमधल्याच अल फाशर शहराला वर्षभराहून जास्त आरएसएफचा वेढा होता. लोक 'अंबाज' खाऊन जगत होते, म्हणजे आपण म्हशीला घालतो ती शेंगदाण्याची पेंड. ऑक्टोबर 2025 मध्ये तेही आरएसएफच्या हाती पडलं. हे दोन जनरलांचं भांडण म्हणून संपवण्यासारखं नाही.

बहरीचा_हिशेबनीस:
मान्य. मी खार्तूमपुरतंच पाहिलं, तेवढंच लिहिलं.

खडकीकाकू:
ह्यांना वाचून दाखवलं. ओमदुरमान आता कसं आहे? मुलाला विचारायला धीर होत नाही.

बहरीचा_हिशेबनीस:
मार्च 2025 मध्ये लष्कराने खार्तूम परत घेतलं, तेव्हापासून लोक परतताहेत. पण घरांमधल्या वायरीसुद्धा तांब्यासाठी उपटून नेल्यात. मुलाला खुशाल विचारा, त्यांच्याकडे न विचारणंच वाईट दिसतं. भाडं दरमहा न घेता पैसे येतील तसं घ्या आणि वहीत मांडून ठेवा. आणि काकू, परदेशी भाडेकरूंची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म, ज्याला सी-फॉर्म म्हणायचे, तो भरलाय ना? नसेल तर आधी तो भरा, नाहीतर तुम्हालाही आणि त्या पोरांनाही त्रास होऊ शकतो.