टोयोटावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे दिवस संपले का?

विणकर (धागाकर्ता)

"टोयोटा आहे ना, मग डोळे झाकून घे," हे वाक्य आपल्याकडे गाडी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानावर आलेलं असतं. मला ते आता पटत नाही. का पटत नाही, ते जरा मुळापासून सांगतो.

आमचं घर इचलकरंजीचं, यंत्रमागांच्या खडखडाटातलं. साध्या मागावर उभा धागा तुटला आणि विणकराचं लक्ष नसलं, तर माग चालतच राहतो आणि कापडात लांबच्या लांब रेघ पडते. तो माल मग निम्म्या भावात जातो. ज्यांच्या माग कंपनीतून पुढे टोयोटा निघाली, त्या साकिची टोयोडा यांनी नेमकं हेच दुखणं धरलं. १८६७ साली शिझुओका प्रांतात सुताराच्या घरात जन्मलेला हा माणूस. त्याने असे माग बनवले की धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो. मग एकच माणूस कितीतरी माग सांभाळू शकतो, कारण बिघडलेला माग स्वतःच हाक मारतो. १९२४ चा त्यांचा 'जी' मॉडेलचा माग तर धावता धावताच धोटा (आडवा धागा नेणारा तुकडा) बदलायचा. १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. लँकेशायरने जपानकडून माग घ्यायचे, म्हणजे त्या काळी उलटी गंगाच.

याच माग कंपनीत मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर वेगळी झाली. पुढे टोयोटाचेच अभियंते ताइइची ओनो यांनी मागाचं तत्त्व मोटारींच्या लाइनवर आणलं. कामगाराला काही चुकीचं दिसलं की त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. फळ्यावर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी त्या ठाण्याच्या खुणेपर्यंत पोहोचायच्या आत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. साध्या कामगाराच्या हातात लाइन थांबवायची सत्ता! माझ्या लेखी टोयोटाचं सगळं नाव या दोरीवर उभं आहे.

आता अलीकडचं बघा. दाइहात्सू ही २०१६ पासून टोयोटाच्या पूर्ण मालकीची कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या समितीने अहवाल दिला: ६४ मॉडेल्स, १७४ गैरप्रकार, सर्वांत जुना १९८९ चा. धडकेच्या चाचणीत एअरबॅग सेन्सरने उघडायला हवी, ती टायमर लावून उघडली होती. जानेवारी २०२४ च्या अखेरीस टोयोटा इंडस्ट्रीजचं प्रकरण आलं. डिझेल इंजिनाची ताकद मोजताना विक्रीच्या गाडीत नसलेलं सॉफ्टवेअर घातलं, म्हणजे आकडे एकसारखे दिसावेत. त्यापायी भारतातही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स कारखान्यातून पाठवणं काही काळ थांबलं होतं. आणि टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण? १९२६ ची तीच माग कंपनी. धागा तुटताच थांबणारं यंत्र ज्या घरात बनलं, त्याच घरात चाचणीचा आकडा घासूनपुसून दिला गेला. मला याचा खरोखर राग आला.

लाइनवर दोरी होती, चाचणीच्या खोलीत नव्हती. म्हणून म्हणतो, डोळे उघडे ठेवा. मतं मांडा.

---

घाटवळण

विणकर साहेब, इतिहास छान सांगितलात, पण निष्कर्ष पटला नाही.

आमचा टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे. क्वालिस आली २००० साली. मूळची इंडोनेशियातली किजांग, दिसायला नुसता डबा. लोक नाकं मुरडायची. पण आंबेनळी घाट नऊ माणसं आणि टपावर सामान घेऊन चढायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चावी फिरवली की पुन्हा तयार. २००५ ला इनोव्हा आली तेव्हा कंपनीने चालती क्वालिस बंद केली म्हणून आम्ही हळहळलो होतो. वर्षभरात हळहळ विसरलो.

धंद्यात गाडी रस्त्यात बंद पडणं म्हणजे काय असतं, हे पगारदार माणसाला कळणार नाही. लग्नाचं वऱ्हाड, विमान गाठायचं असलेलं गिऱ्हाईक, दवाखान्यात न्यायचा पेशंट. तिथे तुमचा समितीचा अहवाल कामाला येत नाही. आजही जुन्या इनोव्हाला जो भाव मिळतो तो कोणी जाहिरात बघून देत नाही, गाडीखाली वाकून बघून देतो. इंजिनाच्या ताकदीचा आकडा कागदावर जरा सरळ करून दिला, ते चूकच. पण ते इंजिन घाटात दम टाकतं का? नाही टाकत.

---

चाकणचा क्यूए

घाटवळण दादा, इंजिन दम टाकत नाही हे खरं, पण एअरबॅगचं काय? ती रोज पहाटे चावी फिरवून तपासता येत नाही. आयुष्यात एकदाच लागते, आणि त्या वेळी तुमच्या हातात फक्त तो कागद असतो.

मी क्वालिटीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे कस्टमर ऑडिट आलं की शिफ्टमधला चालू पीस कोणी पुढे करत नाही. आदल्या रात्री निवडून, घासून ठेवलेला पीस पुढे येतो. गेजवर रीडिंग लिमिटच्या बाहेर आलं की वरून विचारणा येते, "परत घे बघू." परत म्हणजे किती वेळा? आत येईपर्यंत. सुरुवातीला याची लाज वाटते, नंतर माणसाला त्याची सवय होते. डिस्पॅचची तारीख आधी ठरते, चाचणीला उरलेला वेळ मिळतो.

दाइहात्सूच्या अहवालात हेच कारण दिलंय: नव्या मॉडेलचं वेळापत्रक इतकं आवळलेलं की चाचणी फसणं परवडणारच नव्हतं, आणि अडचण सांगायला गेलेल्या माणसालाच जाब विचारला जायचा. वाचताना जपान आणि चाकण यांत मला फरक दिसला नाही. म्हणून धागाकर्त्याशी पूर्ण सहमत.

---

नागोयाकर

मी आईची प्रांतात राहते, वाहन उद्योगातच काम करते. इथे काय चित्र आहे ते सांगते, कारण धाग्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जात आहेत.

दाइहात्सूचं प्रकरण गंभीर होतं, वाद नाही. जपानच्या परिवहन मंत्रालयाने तीन छोट्या मालवाहू गाड्यांची मान्यताच रद्द केली. त्यांतली एक टोयोटाच्या नावाने विकली जाणारी टाउनएस होती. पण जून २०२४ मध्ये चाचण्यांतल्या गैरप्रकारांत खुद्द टोयोटाची सात मॉडेल्स निघाली, त्यांतल्या काही चाचण्या काय होत्या बघा. पादचाऱ्याच्या डोक्याला बसणाऱ्या माराची चाचणी ५० अंशांत करायची, यांनी ६५ अंशांची माहिती दिली. मागून धडकेला १,१०० किलोचा अडथळा हवा, यांनी १,८०० किलोचा वापरला. म्हणजे नियमापेक्षा कडक. तरीही इथे तो गुन्हाच धरला गेला, कारण नियम ठरवणं कंपनीचं काम नव्हे. याला शिस्तभंग म्हणा. पण 'गाडी धोकादायक' हा अर्थ त्यातून काढू नका.

दुसरं, इथल्या लोकांना राग कोणत्या गोष्टीचा आला? टायमरचा. ६५ अंशांचा नाही. सामान्य माणसालाही हा फरक कळतो, आपणही करायला हवा.

---

विणकर

नागोयाकर ताई, फरक मान्य. पण त्याच सातांच्या यादीत एअरबॅग टायमरने उघडल्याच्या चाचण्याही होत्या आणि इंजिनाची हवी ती ताकद दिसावी म्हणून संगणक जुळवून घेतल्याचंही होतं. ६५ अंश आपण सगळेच सांगतो, कारण ते सांगायला बरं वाटतं.

---

तिसरी पाळी

तुम्ही सगळे त्या दोरीचं इतकं कौतुक करताय की मला बोलणं भाग आहे. मी कामगार संघटनेचं काम करतो.

१९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. किइचिरो यांनी माणसं कमी करणार नाही असा शब्द दिला होता. बँकांच्या कर्जाची अट आली आणि सुमारे १,६०० जणांना 'स्वेच्छेने' जायला सांगितलं गेलं. संप पेटला. किइचिरो यांनी राजीनामा दिला, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मोजतो. शब्द मोडला तर खुर्ची सोडायची असते, हे त्यांना समजलं होतं. लगेच कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकी सैन्याच्या ट्रकांच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी वाचली. किइचिरो १९५२ च्या मार्चमध्ये गेले, अवघ्या ५७ व्या वर्षी.

आता अलीकडचं. फेब्रुवारी २००२ मध्ये टोयोटाच्या त्सुत्सुमी कारखान्यात क्वालिटीचं काम करणारा ३० वर्षांचा तरुण पहाटे कामावरच कोसळून गेला. आदल्या महिन्यात त्याचं जादा काम शंभर तासांच्या वर गेलं होतं. सरकारी कामगार कचेरीने ते तास मोजायला नकार दिला, कारण क्वालिटी सर्कल (दर्जा सुधारायला कामगारांनी घ्यायच्या बैठका) आणि सूचना लिहिणं हे म्हणे 'स्वखुशीचं'. बायको लहान मुलं सांभाळत कोर्टात लढली आणि २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने निकाल दिला की हेही कामच, आणि मृत्यू अतिकामाचाच. कायझेनचे, म्हणजे सतत सुधारणेच्या जपानी पद्धतीचे, वर्ग घेणाऱ्या किती लोकांनी हा निकाल वाचलाय?

गाडी टिकाऊ आहे हे मलाही मान्य. पण विश्वासाचा हिशेब करायचा तर दोरी ओढणारा हातही मोजा.

---

जुनी नोंद

धागाकर्त्याच्या मूळ मांडणीलाच माझा विरोध आहे. "पूर्वी पवित्र, आता भ्रष्ट" असा हा इतिहास नाही.

१९३५ चे पहिले जी-१ ट्रक सारखे बंद पडत. कंपनीची माणसं रस्त्यावर जाऊन दुरुस्त करत आणि काय तुटलं ते कारखान्याला कळवत. १९५७ मध्ये क्राउन अमेरिकेला नेली. टोकियोत रुबाबात फिरणारी ती गाडी तिथल्या महामार्गांच्या वेगाला पुरी पडली नाही, तापायची, थरथरायची. १९६० पर्यंत विक्री आवरती घ्यावी लागली. मग १९६६ मध्ये कोरोला आली. पुढे १९८९ ला महागड्या गाड्यांसाठी लेक्सस काढली, काही महिन्यांतच एलएस ४०० मध्ये दोष निघाले. आठेक हजार गाड्या होत्या. जिथे मालक लांब राहत होता तिथे तंत्रज्ञ त्याच्या घरी पाठवले. लेक्ससचं नाव त्या परत बोलावण्यातूनच मोठं झालं.

२००९ च्या, गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींच्या प्रकरणाचंही तसंच. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष आकियो टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले आणि कंपनी फार वेगाने वाढली, आधी सुरक्षा मग दर्जा मग संख्या हा क्रम गडबडला, असं स्वतः म्हणाले. इलेक्ट्रॉनिक दोषाचा आरोप झाला होता, तो नासाच्या अभ्यासकांनाही सापडला नाही. किती कंपन्यांचे प्रमुख असं बोलतात?

---

विणकर

जुनी नोंद, उदाहरणं पक्की आहेत, पण २००९ ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ऑगस्टमध्ये सॅन दिएगोजवळ लेक्ससचं पेडल दुसऱ्या मॉडेलच्या मॅटमध्ये अडकलं आणि एका कुटुंबातले चौघे गेले. २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले आणि कबूल केलं की मॅट आणि अडकणाऱ्या पेडलबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली होती. आकियो यांचे शब्द चांगलेच होते. पण ते बोलले तेव्हाही, आणि त्यानंतरची तेरा वर्षंही, दाइहात्सूत गैरप्रकार चालूच होते.

जी-१ आणि एलएस ४०० ची तुमची उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. तिथे बिघाड उघड्यावर आला आणि कंपनी त्याच्या मागे धावली. बिघाड व्हायचेच, माझा आक्षेप लपवण्याला आहे. तिसरी पाळी यांचा मुद्दा मला यात सर्वांत जवळचा वाटतो: ज्याला थकल्याचं बोलता येत नाही, तो चाचणी फसल्याचंही बोलणार नाही.

---

घाटवळण

साहेब, चार जणांचं वाचून वाईट वाटलं. एअरबॅगचा मुद्दा मी सोडून दिला होता, तो क्यूए भाऊंनी बरोबर पकडला. तरी पुढची गाडी मी इनोव्हाच घेणार. पर्याय सांगा ना! बाकीच्यांच्या चाचणीच्या खोलीत कोण डोकावलंय? जपानमध्ये जून २०२४ च्या त्याच तपासणीत होंडा, माझदा, सुझुकी, यामाहा सगळ्यांकडे काही ना काही निघालं.

---

चाकणचा क्यूए

दादा, घ्या इनोव्हा, गाडी चांगलीच आहे. माझी काळजी वेगळी आहे. किर्लोस्करांबरोबर टोयोटाचा छत्रपती संभाजीनगरला मोठा कारखाना आणायचा करार जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी झाला. तो उभा राहिला की तिथल्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतले कितीतरी व्हेंडर त्यांना माल द्यायला धडपडणार. टोयोटाची माणसं येऊन कानबानची कार्डं (लागेल तेवढाच माल मागवायची चिठ्ठी) आणि दोऱ्या लावायला शिकवतील, आणि ते शिकण्यासारखंच आहे. पण पहिल्या दिवसापासून एक मागणी लावून धरायला हवी: चाचणी घेणारा माणूस प्रोजेक्टच्या साहेबाच्या हाताखाली नको. त्याचं प्रमोशन, त्याची सुट्टी, त्याचा अहवाल, सगळं दुसऱ्या माणसाकडे. आमच्याकडे हे मागणाऱ्याची बदली स्टोअरला झाली.