भोंगा वाजायचा, पण कोणाच्या वेळेवर?

गिरणीचा भोंगा हेच गिरणगावाचं, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीचं, घड्याळ होतं, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. त्यात थोडी भर. विजेचे दिवे येण्याआधी गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्यातच १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. नव्या वेळेवर भोंगा वाजला की कामगाराला तेवढं आधी, काळोखातच उठणं आलं. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध निदर्शनं केली. मला तो राग अगदी रास्त वाटतो. इतक्या लांब पाळीनंतर झोपेतली ३९ मिनिटं म्हणजे काही थोडी नव्हेत! महापालिकेने तर जुनी मुंबई वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही.