हायब्रिडचं मिसफायर जातच नाहीये

मंडळी, गाडी हायब्रिड, १ लाख ४० हजार किमी. सकाळी इंजिन पहिल्यांदा लागलं की अख्खी गाडी गदागदा हलते, चेक इंजिन, कोड पी०३०१ (एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही), दोन मिनिटांत शांत. प्लग नवे टाकले तरी आठ दिवसांत परत तेच, आणि गॅरेजवाला म्हणतो हायब्रिड बॅटरी बदला!

> बॅटरीचं काय त्यात? एक नंबर सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तीनवर टाका, कोड पी०३०३ (तीन नंबरचा मिसफायर) झाला तर कॉइलच गेलीय.

> टाकली. पी०३०१च.

> कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होतंय का? हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) रात्रभर थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरत असेल. प्लग काढून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घाला, ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) काजळीने तुंबलाय का तेही बघा.

> कूलंटची बाटली मिनिममच्या खाली आहे राव 😐