मुलं लहान असताना जानापावचा डोंगर, पातालपाणीचा धबधबा असली भटकंती करावी का? घरात खरंच काही फरक पडतो?

सुदामानगरची_आई:
नमस्कार, आम्ही इंदूरचेच. नवऱ्याने ठरवलंय की या पावसाळ्यात अधूनमधून रविवारी मॉल बंद, सगळ्यांनी मिळून कुठेतरी पायी जायचं, सुरुवात जानापावपासून. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची, आणि सासूबाई गुडघे दुखत असून पण मी येणारच म्हणतायत. मला खरं सांगायचं तर धाकधूक वाटते, तिंछा-पातालपाणीच्या धबधब्यांवर माणसं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचतोच आपण. पण रविवारी घरात जो तो आपापला मोबाईल घेऊन बसलेला असतो तेही बघवत नाही. तुम्ही कोणी करता का असं?

महूवाला:
जानापाव सुरुवातीला एकदम बरोबर आहे. वर परशुरामाच्या मंदिरापर्यंत गाडीरस्ता आहे, सासूबाईंना गाडीने पाठवा, तुम्ही मुलांना घेऊन पायवाटेने चढा. चंबळ तिथूनच निघते हे मुलांना आधी सांगू नका, वर गेल्यावर दाखवा. डोंगराच्या एका अंगाचं पाणी चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात जातं आणि दुसऱ्या अंगाचं नर्मदेतून अरबी समुद्रात. माझ्या पोरीने बाटलीतलं थोडं पाणी इकडे ओतलं थोडं तिकडे, आणि घरी येऊन नकाशा काढून बसली. पुस्तकात हेच वाचून पाठ करायला किती कंटाळत होती!

राजवाडा_काका:
फरक पडतो ताई, नक्की पडतो. घरात कोणी सांगायचं आणि कोणी ऐकायचं हे ठरलेलं असतं, वाटेवर ते उलटंसुलटं होतं. आमचा धाकटा घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही, तो ओल्या दगडावर आजीला हात देऊन उभा होता, "आजी इथे नाही, या दगडावर पाय ठेव" असं सांगत, आणि आजी मुकाट ऐकत होती. त्या दिवसापासून दोघांचं जमतं. म्हणून मी म्हणतो सगळं आधीच ठरवून, रिसॉर्ट बुक करून जाऊ नका, थोडं तरी अडायला हवं, रस्ता चुकला तर मुलांना विचारा आता काय करायचं.

चोरल_भटक्या:
काकांचं पटलं पण पाण्याच्या बाबतीत अजिबात प्रयोग नको. 2011 च्या जुलैमध्ये पातालपाणीला अचानक लोंढा येऊन एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, आठवत असेल. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी चढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की लगेच वर निघायचं, चप्पल राहिली तरी राहू दे. पावसाळ्यात प्रवाहात उतरायचंच नाही. आणि हे मुलांना कारणासकट सांगा, नुसतं "जाऊ नको" म्हटलं की ती हमखास जातात.

पोहे_जिरावन:
एक विचारू का, डबा कोण करणार? आमच्याकडे नवऱ्याची हौस म्हणजे माझी पहाटे चारपासून पुऱ्या लाटायची ड्युटी, आणि मग मी दमलेली, चिडलेली. मी स्पष्ट सांगितलं की सगळे मिळून करायचं असेल तरच मी येते. आता मुलं सँडविच भरतात, हे चहाचा थर्मास भरतात, आणि मी पण मजा करायला जाते. सासूबाईंसाठी पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन पण बघा, बोगदे, दरी, सगळं खिडकीतून दिसतं, कालाकुंडला पानावर मिळणारा कलाकंद खायचाच. फक्त गाडी कधी चालू आहे ते निघण्याआधी तपासा.

सुदामानगरची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार! डब्याचं वाचून नवऱ्याला लगेच फोन दाखवला, पोहे ते करणार म्हणाले. मुलगी जिथे परत जाऊ म्हणेल तिथूनच परत फिरायचं हे पण कबूल करून घेतलंय. महूवाला दादा, वर गाडी लावली की मंदिरापर्यंत पायऱ्या बऱ्याच आहेत का? सासूबाईंना त्याच जड जातात.