घरच्या स्टोरेज सर्व्हरवर डॉकर की पॉडमन? (इंदूरकरांची चर्चा)

रामबागकर: माझं मत स्पष्ट आहे, पॉडमन. दोघांचं काम एकच, प्रत्येक ॲप कंटेनरात, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, चालवायचं. घरच्या डिस्कवर काय असतं? सगळ्यांचे फोटो, बाबांची कागदपत्रं, आजीच्या आवाजातल्या ओव्या कॅसेटवरून उतरवलेल्या. डॉकरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, एरवी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणूनच चालतो. डॉकरच्या ग्रुपमध्ये ज्या युजरला घातलं तो अख्खी डिस्क कंटेनरात माउंट करून (जोडून) हवं ते पुसू शकतो. पॉडमनला डीमनच नाही. साध्या युजरच्या नावावर चालवला की आतला रूट बाहेर तोच साधा युजर.

सुदामानगरवाला: भिया, पण रोज सांभाळणार कोण? इमिच या फोटो सांभाळणाऱ्या ॲपची अधिकृत मांडणीच डॉकर कंपोजची, म्हणजे सगळं एका फाइलीत लिहून चालवायची, आहे. फाइल उतरवा, पासवर्ड बदला, झालं. ट्रूनास या स्टोरेज सर्व्हरच्या सिस्टमनेही 2024 मध्ये 24.10 आवृत्तीत कुबरनेटीस (कंटेनर चालवायची जास्त अवघड यंत्रणा) सोडून डॉकर घेतलं, ते उगाच नाही. पॉडमनमध्ये आतला 1000 नंबरचा युजर फोटो लिहितो आणि बाहेर मालक दिसतो 100999. मग सांबावरून (नेटवर्कवर फाइली वाटून देणारी सेवा) घरच्यांना ती फाइल खोडताही येत नाही. हा ताप कशाला?

रामबागकर: त्याला पॉडमनच्या कीप-आयडी पर्यायाची एक ओळ पुरते, मग आत-बाहेर नंबर एकच. आणि डॉकरने पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) उघडलं की ते यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातं, त्याचं काय? आपण समजतो बंद आहे, आणि असतं उघडं.

मल्हारगंज: दोघांनाही एक सांगतो. रात्री वीज गेली, इन्व्हर्टर बसला, सर्व्हर परत उठला, तर साध्या युजरचे पॉडमन कंटेनर लिंगर (लॉगिन नसतानाही युजरचे प्रोग्राम चालू ठेवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय आपोआप उठत नाहीत. क्वाडलेटने, म्हणजे कंटेनरला सिस्टमची सेवा बनवणाऱ्या पॉडमनच्या सोयीने, हे काम छान होतं, सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सगळं बघतो. पण क्वाडलेट आलं पॉडमन 4.4 पासून, आणि डेबियन 12 या लिनक्समध्ये मिळतो पॉडमन 4.3. पॉडमनच हवा असेल तर आधी डेबियन 13 वर जा. जुन्या आवृत्तीवर खटपट करून लोक वैतागतात आणि नाव पॉडमनचं खराब होतं.

सुदामानगरवाला: मी डॉकरच ठेवणार. जेलीफिन या मीडिया सर्व्हरला फोटो-व्हिडिओंचं फोल्डर रीड-ओन्ली (फक्त वाचायला) दिलंय, बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे. पुरे.

रामबागकर: बॅकअप आहे हे उत्तमच. पण रीड-ओन्ली त्या एका कंटेनरपुरतं. डॉकरचं सॉकेट (डीमनला हुकूम द्यायची वाट) ज्याच्या हाती लागलं, तो तेच फोल्डर लिहिण्याच्या हक्कासकट माउंट करून नवा कंटेनर उठवेल. तुमच्या पोर्टेनरला (ब्राउझरमधून कंटेनर सांभाळायचं ॲप) सॉकेट दिलंय ना?