शिकवणीसाठी टॅब हवा आहे, पेन धरून ३० हजारांत काय बसेल?

शिकवणीवाली_ताई

नमस्कार. मी विट्यात घरीच नववी-दहावीच्या गणिताची शिकवणी घेते, एकोणीस वर्षं झाली. सध्या दोन बॅच आहेत, एकीत चौदा मुलं, दुसरीत अकरा. दिवाळीपासून माझा उजवा खांदा आखडलाय. हात खांद्याच्या वर नेऊन लिहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. फळ्याच्या वरच्या ओळी मी मुलांकडून लिहून घेते. उदाहरणापुरतं ते चालतं, पण प्रमेयाची सिद्धता दुसऱ्याच्या हातून लिहून घेताना माझाच धागा तुटतो आणि मुलांचाही.

म्हणून असं ठरवलंय की खुर्चीत बसायचं, टेबलावर कोपर टेकवून टॅबवर लिहायचं आणि ते हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीवर दाखवायचं. आटपाडीकडची तीन मुलं गूगल मीटवरून बसतात, त्यांनाही तेच दिसावं.

याआधी २०२१ मध्ये मी दहा हजारांचा एक टॅब घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही. ३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, आणि दुकानदाराने पेन म्हणून रबरी टोकाची काडी दिली. तळहात टेकला की रेघ उमटायची. x चा वर्ग लिहायला गेले की घातांक x एवढाच मोठा व्हायचा, मुलं x2 वाचायची. मीट आणि लिहिण्याचं अ‍ॅप एकत्र उघडलं की सगळं थिजायचं. दोन महिन्यांत तो कपाटात गेला. तेव्हाचे दहा हजार अजून मनाला लागतात, म्हणून या वेळी नीट विचारून घ्यायचंय.

आत्तापर्यंत पाहिलेल्या किमती अशा: सॅमसंग ए९ प्लस १८,९९९, शाओमी पॅड ७ २७,९९९, आयपॅड ए१६ ३४,९००, सॅमसंग एस१० एफई ४२,९९९. सगळे साधारण ११ इंची. मग १९ आणि ४३ हजारांत एवढा फरक कशाचा? सिमवाला घ्यावा का? आणि टीव्हीला वायरने जोडता येईल ना? माझं बजेट ३०,००० आहे, फार तर थोडं वर.

चित्रवही

ताई, मी पुण्यात मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, दिवसाचे सहा तास हातात पेन असतं. तेवढ्या अनुभवावर सांगते. टॅबची किंमत बघू नका, टॅब अधिक पेन अशी किंमत बघा.

आयपॅड ३४,९०० दिसतो, पण पेन्सिल (आयपॅडचं पेन) खोक्यात नसते. टाइप-सीवाली पेन्सिल ७,९०० ला. झाले ४२,८००. एस१० एफईच्या खोक्यात सॅमसंगचं एस पेन येतं, म्हणजे ४२,९९९ मध्ये सगळं आलं. दुकानातल्या पाटीवर आठ हजारांचा फरक दिसतो, लिहायला बसलं की तो १९९ रुपयांचा उरतो! पॅड ७ चं पेन ५,९९९ ला वेगळं, एकूण ३३,९९८. आणि ए९ प्लस तुमच्या यादीतून काढूनच टाका. तो एस पेन घेतच नाही, त्यावर पुन्हा रबरी काडीच येईल.

तुमच्या घातांकाची गोष्ट वाचून वाईट वाटलं, कारण दोष तुमच्या अक्षराचा नव्हताच. रबरी काडीला टॅब बोट समजतो आणि टेकलेल्या तळहातालाही बोटच समजतो. खरं पेन वेगळं ओळखलं जातं, म्हणून हात खुशाल टेकवा. टोक बारीक असल्यामुळे घातांक, पादांक, वर्गमुळाच्या आतलं वर्गमुळ, सगळं येतं. एस पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही, टॅबची काचच त्याला ऊर्जा पुरवते. बाकी दोन्ही चार्ज करावी लागतात.

७,९०० वाल्या पेन्सिलीला दाब कळत नाही. जोरात टेकवा की हलकं, रेघ तेवढीच जाड. मला ते चालणार नाही, तुम्हाला समीकरणं लिहायला काहीच अडचण नाही. मात्र साध्या आयपॅडची काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले नसतात, मध्ये बारीक पोकळी असते. पेन टेकतं एकीकडे आणि रेघ किंचित खाली उमटल्यासारखी वाटते. दुकानात पाच मिनिटं लिहून बघा. काहींना जाणवतही नाही, मला सतत जाणवतं.

दुरुस्ती_नाशिकरोड

वर चित्रवहीताईंनी पेनाचं उत्तम सांगितलंय. मी मोबाइल-टॅब दुरुस्तीच्या बाजूने लिहितो.

चित्रवही यांनी आयपॅडमधल्या ज्या पोकळीला नावं ठेवली, तीच पोकळी टॅब पडला की पैसे वाचवते. वरची काच फुटली आणि आतला पडदा शाबूत असला तर नुसती काच बदलता येते. चिकटवलेल्या पडद्यात काच आणि डिस्प्ले एकजीव असतात, काचेला तडा गेला तरी अख्खा जोड बदलावा लागतो. माझ्याकडे असे टॅब आले की कितीतरी लोक खर्चाचा आकडा ऐकून न दुरुस्त करताच परत नेतात. शिकवणीच्या घरात पंचवीस मुलांची ये-जा आहे, तेव्हा कडेला उठाव असलेलं जाड कव्हर पहिल्याच दिवशी घ्या.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, टीव्हीचा. त्यावर लोक फसतात. टाइप-सीचं भोक बाहेरून सगळीकडे सारखं दिसतं, पण त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. एस१० एफई, त्याच्या आधीचा एस९ एफई, ए९ प्लस, या सगळ्यांना यूएसबी २.० चं पोर्ट आहे. चार्जिंग होईल, पेनड्राइव्ह चालेल, पण एचडीएमआयचा अ‍ॅडाप्टर लावून टीव्हीवर काही दिसणार नाही. ४३ हजार मोजूनही नाही. सॅमसंगमध्ये ती सोय वरच्या एस९, एस१० मालिकेत आहे. पॅड ७ ला यूएसबी ३.२ आहे, त्यातून चित्र निघतं. आयपॅड ए१६ मधूनही निघतं.

वायरलेसने सगळेच टॅब टीव्हीवर दिसतात, पण तुम्ही रेघ मारल्यावर टीव्हीवर ती क्षणभर उशिरा येते. सिनेमाला ते चालतं. शिकवताना तुम्ही 'हा कोन बघा' म्हणाल तेव्हा कोन आलेलाच नसेल. शिवाय तुमच्याकडे मीटही चालू असणार, वाय-फायवर दोन्हींचा भार पडेल. वायरच घ्या. अ‍ॅडाप्टर चार्जिंगचं भोक असलेला बघा, नाहीतर टॅबचं एकमेव पोर्ट टीव्हीने अडवलं की संध्याकाळची बॅच संपेपर्यंत बॅटरी उतरलेली असेल.

स्वस्त टॅबबद्दल एक जुनी आठवण. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' टॅब जाहीर झाला, सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. देशभर चर्चा झाली. पण ७ इंचाचा पडदा दाबून चालणारा होता आणि रॅम २५६ एमबी. एवढ्या चांगल्या हेतूने केलेलं काम पडद्याशी येऊन अडलं. तेव्हापासून माझ्याकडे कुणी टॅब विचारायला आलं की मी आधी पडदा आणि पोर्ट बघायला सांगतो, प्रोसेसरचा नंबर शेवटी.

वर्धेकर

माझ्या मुलाला महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या 'नीट' (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) प्रशिक्षणात टॅब मिळाला. लेक्चर बघायला, पीडीएफ वाचायला उत्तम चालतोय, आमचा एक रुपया गेला नाही. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गातलं दहावीनंतर विज्ञान शाखेला जाणार असेल तर त्यांना जरूर सांगा. ज्याला फक्त बघायचंय त्याने पेन, पोर्ट यांचा विचारही करू नये.

एडिसनकर

ताई, नात्यातलं कुणी इथून, अमेरिकेतून येणार असेल आणि 'तिकडून आयपॅड आण' असा सल्ला मिळाला तर आधी हिशेब करा. इथे न्यू जर्सीत आयपॅड ए१६ ची किंमत ३४९ डॉलर, त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे ३७२. रुपयांत ३२ हजारांच्या वरच. तुमच्याकडच्या ३४,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला आहे. तीन हजारांपेक्षा कमी वाचतात, त्यासाठी बिल आणि दुकान समुद्रापलीकडे ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. पहिला आयपॅड इथे एप्रिल २०१० ला ४९९ डॉलरला आला आणि भारतात जानेवारी २०११ ला २७,९०० पासून. त्या नऊ-दहा महिन्यांत मी दोन नेऊन दिले होते, कारण तिकडे तो मिळतच नव्हता. आता ती वेळ नाही.

सिमचं विचारलंत. आयपॅडला सिमचे १५,००० जास्त (४९,९००), एस१० एफईला ८,००० जास्त (५०,९९९). तुम्ही एका टेबलापाशी बसून शिकवणार. वीज जाऊन राउटर बंद पडला तर फोनचा हॉटस्पॉट चालू करा. ते पैसे पेनाला लावा.

निवृत्त_अध्यापक

घरात लॅपटॉप आहे का? असेल तर तीन-चार हजारांत पेनची पाटी मिळते. तिला स्वतःचा पडदा नसतो, यूएसबीने लॅपटॉपला लावायची, पाटीवर लिहायचं आणि अक्षर लॅपटॉपवर उमटतं. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला. लॉकडाउनमध्ये मी भौतिकशास्त्राचं अख्खं वर्ष असं शिकवलं. नजर समोर आणि हात खाली, याची सवय व्हायला मला दोन आठवडे लागले. नंतर अक्षर फळ्यापेक्षा बरं येऊ लागलं. ३० हजार घालण्याआधी हे करून बघा, असं मनापासून सुचवतो.

शिकवणीवाली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं काही हातात असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सर, आधी तुमचंच ऐकलं. भाच्याकडे पेनची पाटी होती, ती आणि त्याचा लॅपटॉप चार दिवस आणला. बीजगणित खरंच छान गेलं. वर्गसमीकरणाचं सूत्र, एकसामयिक समीकरणं, काही अडलं नाही. भूमितीला मात्र हात दिसत नसल्यामुळे अडकले. त्रिकोणाची तिसरी बाजू पहिल्या शिरोबिंदूवर येऊन मिळेचना, आणि काढलेल्या आकृतीत नेमक्या जागी एक लंब टाकायचा म्हटलं की दोन-तीनदा पुसावं लागे. अभ्यास केला असता तर जमलं असतं, पण दहावीचा भाग दोन माझ्यासाठी थांबणार नाही. आणि लॅपटॉप शेवटी भाच्याचा.

मग सांगलीला गेले. नाशिकरोडच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे अ‍ॅडाप्टर आणि एचडीएमआयची वायर घरूनच घेऊन गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, 'टाइप-सी आहे ना, सगळे चालतात.' मी म्हटलं, लावून दाखव. ४३ हजारांच्या टॅबवर टीव्ही काळाच राहिला. त्याने दोनदा वायर काढून लावली, मग स्वतःच गप्प झाला. हा धागा वाचला नसता तर मी पेन खोक्यात मिळतंय म्हणून पैसे जमवून तोच घेतला असता. लिहायला तो सगळ्यांत सुखाचा होता, हेही सांगते. आयपॅडवर चित्र आलं, पण मला ती पोकळी लगेच जाणवली, चित्रवहीताई.

शेवटी पॅड ७ घेतला. पॅड २७,९९९, पेन ५,९९९, चार्जिंगवाला अ‍ॅडाप्टर १,६५०, जाड कव्हर ९००. एकूण ३६,५४८. ठरवल्यापेक्षा साडेसहा हजार जास्त गेले. या महिन्याची भिशी माझ्या नावावर निघाली, म्हणून जमलं. दुसऱ्या कुणी ३० हजार घेऊन निघणार असेल तर हा आकडा आधीच मनात ठेवा.

उणिवाही लिहिते. पडदा ३:२ मापाचा, त्यामुळे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि अक्षर अपेक्षेपेक्षा लहान दिसतं. मागच्या रांगेतल्या मुलांना मी दोन हात पुढे सरकवलं. मेमरी कार्डाची सोय नाही. १२८ जीबीत तासांची रेकॉर्डिंग भराभर साठतात, दर रविवारी पेनड्राइव्हवर काढून ठेवते. बोटाच्या ठशाने उघडत नाही.

टेबलाची उंची २७ इंच ठेवलीय, कोपर टेकून राहतं. काल अंतर्लिखित कोनाचं प्रमेय तिन्ही शक्यतांसह एका बैठकीत लिहून पूर्ण केलं, प्रत्येक शक्यतेला वेगळा रंग. आटपाडीच्या मुलीने तासानंतर वहीचा फोटो पाठवला, तिन्ही आकृत्या बरोबर. खांदा दुखला नाही.

चित्रवहीताई, रोज तीन तास लिहिलं तर पेनाचं टोक किती टिकतं?

चित्रवही

वाचून फार बरं वाटलं! टोक किती टिकेल ते काचेवर काय लावलंय त्यावर आहे. साध्या काचेवर माझं पहिलं टोक सव्वा वर्ष गेलं. कागदासारखा खरखरीत गार्ड लावला तेव्हा चार महिन्यांत एका बाजूने चपटं झालं. तुम्ही खरखरीत गार्ड न लावलेलाच बरा, टीव्हीवर दाखवायला त्याचा उपयोगही नाही. रेघ मारताना काचेवर करकर आवाज यायला लागला की त्याच दिवशी टोक बदला, एक दिवसही ढकलू नका, काचेवर ओरखडा गेला की तो जात नाही. सुटी टोकं मिळतात, दोन आधीच आणून पेनाच्या डबीत ठेवा.